डब्यात सापडलेला तांब्याचा पैसा : सोलापूरकर नवशिक्यासाठी

सगळ्यात आधी, घासू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

हे मी अनुभवानं सांगतोय. शाळेत असताना आजीच्या फडताळातल्या पितळी डब्यात, सुपारीच्या खांडांखाली, मला एक काळपट पैसा सापडला. चिंच-मीठ घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत तो लालभडक केला. पाडव्याला घासलेल्या तांब्यासारखा. मोठ्या ऐटीत तो आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकांना दाखवायला गेलो. त्यांनी भिंगातून दोन्ही बाजू बघितल्या, पैसा माझ्या तळहातावर परत ठेवला आणि म्हणाले, "शंभर वर्षांचं कातडं सोललंस की रे याचं." मग आत जाऊन चहा सांगितला. रागावले नाहीत, पण तो पैसा त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

तांब्यावर हवेनं चढणारा तो तपकिरी, चॉकलेटी थर म्हणजे मळ नव्हे. धातूचं ते स्वतःचं आवरण असतं. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावलं की ते जातं, बारीक अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि नाण्याची किंमतही उतरते. पुन्हा तो रंग चढायला तुमच्या नातवाला म्हातारं व्हावं लागेल.

पायरी पहिली : हातात घ्या आणि तोंड बघा

नाणं कडेनं धरा, अंगठा आणि तर्जनीत. पैसा सपाट टेबलावर ठेवून मोबाइलचा टॉर्च वरून मारू नका; बाजूनं, जवळजवळ टेबलाला टेकवून, तिरका मारा. सरळ उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या नाण्यावर तिरक्या उजेडात साल उमटतं. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा फार मजा येते.

आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त सापडतो तो पाव आणा, म्हणजेच जुना 'पैसा'. त्यावर राणीचं डावीकडे तोंड केलेलं, मुकुट घातलेलं चित्र असेल आणि भोवती इंग्रजी अक्षरांत नाव असेल, तर ती व्हिक्टोरिया. आता नावापुढचा शब्द वाचा. १८६२ ते १८७६ या सालांच्या नाण्यांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे. १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीच्या दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि नाण्यावरचा शब्द बदलला. मागच्या बाजूला मण्यांच्या गोलात 'वन क्वार्टर ॲना', 'इंडिया' आणि साल, भोवती वेलबुट्टी.

त्याच्या पुढचे ओळखायला सोपे. सातवा एडवर्ड टकला, दाढीवाला आणि पैशावर बिनमुकुटाचा. त्याचे पैसे १९०३ ते १९१० चे. पाचवा जॉर्ज मुकुट आणि झग्यासकट, १९११ ते १९३६. सहावा जॉर्ज बिनदाढीचा, १९३८ पासून. १९४३ ते १९४७ चा पैसा मधोमध भोक असलेला. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या नाण्यांचा किस्सा ठाऊक असू द्या : राजाच्या झग्यावरचा बारीक हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा ठसा आला. पैसा १९११ चा असेल तर भिंग घेऊन झग्यावर तो प्राणी शोधाच.

भोकाच्या पैशाबद्दल एक आपल्या गावची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून हा पैसा लहान केला, मधला गोल कापला, वजन जेमतेम दोन ग्रॅम उरलं. लोकांनी त्याचे वॉशर केले. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या यंत्रमागाच्या कारखान्यात, भंगारात काढलेल्या मागाच्या बोल्टाखाली मी स्वतः असा पैसा बघितलाय. तेलानं काळा झालेला, एका बाजूनं दाबला गेलेला, पण मुकुट तेवढा शाबूत. मालकाला म्हटलं, "दादा, हा मला द्याल?" तो म्हणाला, "बोल्ट पण घे की, वजनावर."

पायरी दुसरी : वजन करा

हे लोक टाळतात. पण नवशिक्याला खरी मदत इथेच होते. पाव-अर्धा ग्रॅमही अचूक दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता कुठेही मिळतो. नसेल तर ओळखीच्या सराफाकडे दोन मिनिटं मागा.

राणीच्या तांब्याच्या नाण्यांची मूळ वजनं अशी : अर्धा आणा १२.९५ ग्रॅम, पाव आणा म्हणजे पैसा ६.४७ ग्रॅम, अर्धा पैसा ३.२३ ग्रॅम, आणि पै, म्हणजे आण्याचा बारावा हिस्सा, २.१६ ग्रॅम. आकडे पाठ करायची गरज नाही. एका पैशाच्या तीन पै होतात ना? मग दोन पारड्यांच्या तराजूत तीन पै एकीकडे आणि एक पैसा दुसरीकडे ठेवा, पारडी समोरासमोर येतील. दोन अर्धे पैसे एका पैशाबरोबर, दोन पैसे अर्ध्या आण्याबरोबर. किंमत जेवढी, तांबं तेवढं. ज्या बाजारात लोक हिशेब बोटांवर करत आणि नाणी ओंजळीनं देत, तिथे हे फार सोयीचं होतं. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. आपण 'पै-पैचा हिशेब' म्हणतो ती ही पै. आमच्या शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकू पैशाला 'दुड्डू' म्हणतात. तो शब्दही मुळात तांब्याच्या नाण्याचाच.

झिजलेला पैसा सहा ग्रॅमच्या आसपास भरला तर घाबरू नका. पण तुमच्या एडवर्डच्या किंवा जॉर्जच्या पैशाचं वजन पाचच्याही खाली, ४.८६ ग्रॅम भरलं तर? तोही खरा आहे. १९०६ मध्ये सरकारनं शुद्ध तांबं सोडून ब्रॉन्झ घेतलं, म्हणजे ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. पैसा रुंदीला जवळपास तेवढाच राहिला, पण पातळ झाला. एडवर्डचे १९०६ चे पैसे तांब्याचेही आहेत आणि ब्रॉन्झचेही. दोन्ही शेजारी ठेवून टेबलावर हलकेच टाकून बघा. आवाजात फरक कळतो, पण तो कागदावर सांगता येत नाही.

पायरी तिसरी : कुठल्या टांकसाळीचा?

नवखा माणूस टांकसाळीची खूण शोधण्यात डोळे फोडून घेतो. थोडा धीर धरा. पाचव्या आणि सहाव्या जॉर्जच्या पैशांवर सोपं आहे : सालाच्या खाली एक बारीक उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. मात्र युद्धाच्या काळात लाहोर आणि थेट दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टांकसाळीलाही भोकाचा पैसा पाडायला लावलं. राणीच्या तांब्याच्या पैशांपैकी मोठा भाग कलकत्त्याचा, एवढं धरून चाला, बारकावे नंतर.

पण ही कलकत्त्याची टांकसाळ समजून घेण्यासारखी आहे, कारण तुमच्या हातातला पैसा बहुधा तिथूनच निघाला. हुगळीच्या काठी, स्ट्रँड रोडवर तिचा पाया मार्च १८२४ मध्ये घातला आणि १ ऑगस्ट १८२९ पासून तिथे नाणी पडू लागली. दर्शनी भाग अथेन्समधल्या मिनर्व्हाच्या देवळाची निम्म्या आकाराची नक्कल, आणि आत बर्मिंगहॅमजवळच्या सोहोहून आलेली बोल्टन आणि वॅटची वाफेची यंत्रं. ती मुख्यतः चांदीची टांकसाळ. तांब्याच्या नाण्यांची मागणी एवढी वाढली की १८६० मध्ये तिच्या उत्तरेला खास तांब्यासाठी वेगळी इमारत उभी राहिली, तिचं नावच 'कॉपर मिंट'. मूळच्या टांकसाळीचीच सुरुवातीला दिवसाला तीन ते सहा लाख नाणी पाडण्याची ताकद होती. आत काम साधारण असं चाले : तांब्याच्या लाद्या रुळांतून दाबत दाबत पत्रा करायचा, त्यातून गोल चकत्या कापायच्या, त्या भट्टीत तापवून नरम करायच्या, कड उचलून घ्यायची, आणि मग दोन पोलादी ठशांमध्ये एकच दाब. पैशाची कड जरा उंच असते ती त्या कड उचलण्यामुळे. तिच्यामुळेच मधलं चित्र कमी झिजतं.

थोडं विषयांतर करतो. याच कलकत्त्याच्या टांकसाळीत धातू पारखण्याच्या कामावर जेम्स प्रिन्सेप होता. दिवसा चांदीचा कस बघणाऱ्या याच माणसानं १८३७ मध्ये अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचली. नाणी बघायची सवय लागली की माणूस पुढे काय काय वाचायला लागेल, सांगता येत नाही. ही जुनी टांकसाळ १९५२ पर्यंत चालली. १९ मार्च १९५२ ला अलीपूरची नवी टांकसाळ सुरू झाली. मुंबईची फोर्टातली टांकसाळ १८२९ ची, आणि ती अजून आपल्या जागेवर आहे.

पायरी चौथी : साल वाचा, आणि मग ते साल सोलापुरात नेऊन ठेवा

हे कुठल्या नाण्यांच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

माझा तो घासलेला पैसा १८७७ चा आहे. सम्राज्ञी हा शब्द असलेल्या पहिल्या वर्षाचा. याच वर्षी सोलापूरची जुनी मिल सुरू झाली. आणि याच वर्षी दख्खनचा मोठा दुष्काळ चालू होता. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या, तळी खणणाऱ्या माणसाला सरकारनं दुष्काळावर नेमून पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं जी मजुरी ठरवून दिली ती दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि एक आणा. बाईला त्याहून कमी. एक आणा म्हणजे हे चार पैसे. दिल्लीत दरबार आणि इकडे हे.

चार पैसे एकावर एक रचून बघा. उंची बोटाच्या एका पेराएवढीही होत नाही. मी पहिल्यांदा रचले तेव्हा डोक्यात फक्त किंमत होती, कोणता किती रुपयांना जाईल. नंतर हे मजुरीचं वाचलं आणि तेव्हापासून १८७७ चा पैसा मी दुसऱ्यांपासून वेगळा ठेवतो.

१९३० चा पैसा सापडला तर त्यालाही नीट बघा. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या गावात मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. तो पैसा तेव्हा कोणाच्या तरी खिशात खुळखुळत होता. कोणाच्या, हे शोधायला जाऊ नका. पण वहीत साल लिहिताना शेजारी गावची गोष्ट लिहायला काय हरकत आहे?

पायरी पाचवी : हे इंग्रजी नाही, मग काय आहे?

डब्यात एखादं जाडजूड, ओबडधोबड, कुठे कडाच नाही असं नाणं असेल आणि त्यावर देवनागरीत अर्धवट 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्र पति' दिसत असेल, तर ती शिवराई. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यानं अख्खी अक्षरं क्वचितच मिळतात. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही चाल, आणि पुढे पेशवाईतही शिवराया पडतच राहिल्या, त्यामुळे हातात आली म्हणून थेट महाराजांची समजू नका. तराजूचं चित्र असलेला पैसा कंपनीच्या मुंबई इलाख्याचा. फारसी अक्षरं असतील तर दुसऱ्याची मदत घ्या. औरंगजेबाच्या काळात सोलापूरलाही टांकसाळ होती, तिथले चांदीचे रुपये मिळतात. १६९५ ते १६९९ बादशहाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, मंगळवेढ्याजवळ. आपल्या गावचं नाव बादशाही नाण्यावर वाचायचं असेल तर थोडी फारसी शिकावी लागेल, पण फार नाही.

पायरी सहावी : फसू नका

गड्ड्याच्या यात्रेत, मंगळवार बाजारात, देवळांबाहेर एक नाणं हमखास दिसतं : एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ ॲना' आणि १८१८. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. ही नंतरच्या काळात बनवलेली टोकनं आहेत. श्रद्धेनं देव्हाऱ्यात ठेवायला हवं असेल तर ठेवा, पण जुनं नाणं म्हणून पैसे मोजू नका. मी मोजले होते, एका प्रदर्शनात, वर घासाघीस करून. विकणारा मला शेवटी 'साहेब' म्हणाला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसरा प्रकार तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचा. कोणी म्हणेल, हा जुना तांब्याचा पैसा तांदूळ ओढतो, यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोटीला घेते. उठून चालू पडा.

खऱ्या नावाखाली खोटा पैसा आहे का, हे बघायला चुंबक लावा. तांबं किंवा ब्रॉन्झ चिकटणार नाही. मग कड बोटानं चाचपा. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेवर कुठेतरी जोड लागतो, पृष्ठभागावर मुरमासारखे फोड दिसतात आणि अक्षरं साबणासारखी मऊ असतात. शेवटी वजन. या तिन्हींत बसलं तर निम्मी काळजी मिटली.

पायरी सातवी : जपून ठेवा

हिरव्या डागांचे दोन प्रकार आहेत. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर राहू द्या. फिका हिरवा, पावडरीसारखा, टोकरला की झडणारा असेल तर तो धातू खातोय. असं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस ठेवा, रोज पाणी बदला, मग सुती कापडानं टिपून (घासून नव्हे) पूर्ण वाळवा. बाकीच्या नाण्यांपासून लांब ठेवा. चिकट माती असेल तर लाकडी दातकोरणीनं हळू काढा, सुईनं नाही.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाऊच टाळा. तो पीव्हीसी असतो आणि काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर आणतो. नाण्यांसाठी मिळणारे पुठ्ठ्याचे खिडकीवाले चौकोन घ्या, स्टेपलच्या पिना आत वळवा. सोलापूरची कोरडी हवा तांब्याला मानवते. फक्त पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि डबा देव्हाऱ्यातल्या उदबत्तीपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

पायरी आठवी : विकायचं असेल, किंवा खोदताना सापडलं असेल

'जुना पैसा द्या, दहा लाख घ्या' असे व्हिडिओ येतात. आधी नोंदणीची फी मागतात, मग कर, मग अजून काही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं की आमचं नाव वापरून असे व्यवहार चालतात, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. राणीचा झिजलेला पैसा लाखात नाही, शेकड्यात जातो, आणि तोही वरच्या शेकड्यांत नाही.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरातन वस्तू ठरतं; परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पार्सल करायचं मनात असेल तर राहू द्या. आणि पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना मडकं निघालं तर १८७८ चा निधी कायदा अजून लागू आहे : दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेतकरी मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. तरी सांगतो.

पुढे शिकायची इच्छा झाली तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघा आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था. एका दिवसात दोन्ही करू नका.

पायरी नववी : वही

शंभर पानी वही घ्या, आखीव. प्रत्येक नाण्याला एक नोंद : काय, साल, कोणाचं चित्र, वजन, रुंदी, टांकसाळ, कुठून आलं, अवस्था. 'कुठून आलं' हा रकाना रिकामा ठेवू नका. आजीनं दिलं असेल तर आजीचं नाव लिहा, कारण ते पुढे कुणालाच आठवणार नाही. नमुन्यादाखल माझ्या वहीतली पहिली नोंद देतो.

पाव आणा. १८७७. व्हिक्टोरिया एम्प्रेस. तांबं. ६.३१ ग्रॅम. ठिपका वगैरे काही नाही. आजीच्या पितळी डब्यातून, सुपारीखालून. अवस्था : घासलेलं. कोणी घासलं : मी.